मोहनशेठचा घसा बसला तो रविवार

आमच्या घरी रविवार उजाडायचा तो आवाजाने. आधी अंगणात बादली भरल्याचा, मग बाबांनी गाडीचं बॉनेट उघडल्याचा, आणि मग स्वयंपाकघरातून आईच्या बोलण्याचा. आई रविवारी पहाटेपासूनच चिडलेली असे, कारण बाकीचे सहा दिवस चार हाका मारूनही न उठणारा नवरा त्या दिवशी साडेपाचला उठून गाडी पुसायला फडकं मागायचा. ते फडकं म्हणजे बहुतेक वेळा तिचंच बरं असलेलं लुगडं निघायचं. पोह्यांवर घालायची चण्याची तर्री खदखदू लागली की तिच्या झणक्याने माझा धाकटा भाऊ विजू झोपेतच शिंकायचा. साडेसातला कोपऱ्यावर देवरावकाकांच्या जीपचा हॉर्न वाजे, पाठोपाठ मोहनशेठच्या छोट्या निळ्या गाडीचा, आणि आई कढई उतरवत म्हणे, "आली वरात." मग वरात ओसरीवर बसून दोन-दोन बशा तर्री पोहे खाई आणि आईचा राग तेवढ्यापुरता निवळे. तिच्या हाताला नावं ठेवणारा माणूस वर्ध्यात जन्माला यायचा होता, आणि तिला ते माहीत होतं.

या वरातीचं नाव मोटार मंडळ. बाबा, देवरावकाका आणि मोहनशेठ हे तिघे शाळेत एका बाकावर बसणारे. पुढे बाबांनी मोटारपंपांचं दुकान टाकलं, मोहनशेठ वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसले, देवरावकाकांनी सिंदी मेघे गावातली घरची शेती धरली. तिघांत मिळून त्यांनी सरकारी लिलावातली एक मोडकी अॅम्बॅसेडर आणली. तिच्या गादीत उंदरांच्या तीन पिढ्या नांदत होत्या. ती वर्षभर आमच्या अंगणात उघडी पडलेली होती आणि तिघे तिच्याखाली झोपून असत. बाबांच्या लग्नात नवरीला त्याच गाडीतून आणलं, आणि दोन ठिकाणी ती ढकलावी लागली. आई सांगायची की दुसऱ्या वेळी ती स्वतः शालू खोचून खाली उतरली होती. पुढे ज्याची त्याची गाडी झाली, ती मूळची बाबांकडे राहिली. आणखी लोक येऊन मिळाले, काही गळाले, एका काळी सात गाड्या निघत. मंडळाचा एक रबरी शिक्काही होता, तो कधी कशावर मारलेला मी पाहिला नाही. नियम मात्र कडक होते. एकाची गाडी बंद पडली की सगळ्यांनी थांबायचं. कुणाच्याही गाडीचं बॉनेट कुणीही उघडायचं, मालकाने तोंड वाकडं करायचं नाही. आणि लेकरांनी आपल्या बापाच्या गाडीत बसायचं नाही. देवरावकाकांच्या टोपीत चिठ्ठ्या टाकत, आम्ही उचलत असू, आणि ज्याची निघेल त्याच्या गाडीत आमची रवानगी होई. बाबांचं म्हणणं होतं की लेकरांना तिन्ही घरं आपली वाटली पाहिजेत. खरोखरच वाटत. देवरावकाकांची कुंदा आणि मी तर कुणाच्या घरी जेवलो हे संध्याकाळी आठवावं लागे.

मग एका रविवारी चिठ्ठ्या बंद झाल्या. पोरी मोठ्या झाल्या, आता आपापल्या आईपाशी बसा, असं देवरावकाकांनी सांगितलं. मी आणि कुंदाने थोडी कुरकुर केली आणि सोडून दिलं. त्याच सुमारास आणखी एक बदल झाला. मोहनशेठ आपली गाडी धाकट्या भावाच्या हाती देऊन आमच्या गाडीत, बाबांच्या शेजारी, बसू लागले. गाड्यांचा क्रमही ठरून गेला. पुढे देवरावकाकांची जीप, मध्ये आम्ही, आणि आमच्या मागे अगदी चिकटून मोहनशेठची निळी गाडी. मला वाटे, बाबा अध्यक्ष म्हणून हा मान आहे. मोहनशेठना मुळातच बोलायचं व्यसन, आणि आता तर त्यांच्या तोंडाचा पट्टा वर्ध्यापासून सेवाग्रामपर्यंत आणि तिथून पुढेही थांबत नसे. "वा, काय बैलजोडी आली पाह्य डाव्या हातानं. ही बाई डोक्यावर भारा घेऊन कोठी चालली यार? कुत्रं बसलं मधात, उठते का नाई साला." रस्त्यावरची एक गोष्ट ते सोडत नसत. विजूने त्यांचं नाव 'आकाशवाणी' ठेवलं होतं. आम्ही मागच्या सीटवर त्यांची नक्कल करायचो आणि आई आम्हाला चिमटे काढता काढता स्वतःच हसायची. ते हसणं आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

घरात काय चाललं होतं हे आम्हाला दिसत होतं आणि कळत नव्हतं. जेवताना बाबांच्या हाताने पाण्याचा तांब्या कलंडायचा, आठवड्यातून दोनदा तरी. आई म्हणायची, "लक्ष कुठं राह्यते तुमचं?" बाबा म्हणायचे, दुकानात. ताटातली डावीकडची चटणी ते मागून घेत, आणि ती ताटातच असे. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागे. रविवार सोडला तर गाडीला ते हात लावत नसत. दुकानात पायी जात, आणि विचारलं तर म्हणत, चालणं चांगलं असते. शेजारपाजारचे त्यांना चिकट म्हणत. मी त्या वेळी अकरावीत होते, वर्गात पहिली येत होते, आणि स्वतःला फार चौकस समजत होते.

त्या रविवारी आम्ही सेवाग्रामच्या पलीकडे, देवरावकाकांच्या मामेभावाच्या शेतात गेलो होतो. हिवाळ्याचे दिवस, कापूस फुटलेला. नाल्याच्या काठी गोवऱ्यांचा विस्तव करून त्यात रोडगे भाजायला घातले होते. कणकेचे ते जाड गोळे राखेतून काढायचे, झटकायचे, फोडून त्यात तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीत बुडवून खायचे. रोडगे भाजणं हे पुरुषांचं काम, निदान ते तसं समजत, आणि त्यावर तासभर वाद चाले. मोहनशेठचा घसा सकाळीच बसलेला होता. आदल्या दिवशी पुतणीच्या लग्नात ते वऱ्हाड्यांवर ओरडले होते. तरी वादात मागे राहतील तर ते मोहनशेठ कसले. जेवणं होईस्तोवर त्यांचा आवाज पार गेला. ते तोंड उघडत आणि नुसती हवा येई. आम्हा पोरांची हसून हसून पुरेवाट झाली. विजू म्हणाला, आकाशवाणी बंद पडली. मोठी माणसं मात्र हसली नाहीत. देवरावकाका मोहनशेठना बाजूला नेऊन काहीतरी बोलले, मोहनशेठनी मान हलवली, स्वतःच्या छातीवर थाप मारली, आणि नेहमीसारखे येऊन बाबांच्या शेजारी बसले.

चारच्या सुमारास निघालो. मागे उजवीकडे आई, मध्ये विजू पेंगत, आणि डाव्या खिडकीला मी. गाडीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मला ती बरी वाटली. डावीकडे शेतातून एक पायवाट सडकेला येऊन मिळत होती आणि तिच्यावरून एक दूधवाला सायकलने येत होता, दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले. मला तो स्पष्ट दिसत होता. मोहनशेठनी हात वर केला आणि तिकडे बोट दाखवलं. बाबा समोर, जीपकडे पाहत होते. मोहनशेठनी हात हलवला. मग जोरजोरात हलवला. मी पाहत होते, आणि मला वाटत होतं की बाबांना दिसलंच असणार, दिसलं नसेल असं कसं होईल. मोहनशेठ तोंड वासून ओरडत होते आणि त्यांच्या गळ्यातून एक अक्षर निघत नव्हतं. शेवटी त्यांनी झेप घालून चाकच धरलं. गाडी उजवीकडे गेली, काहीतरी खडखडून वाजलं, आणि आई म्हणाली, "अगं बाई."

गाडी थांबल्यावर आधी मला दिसलं ते दूध. सगळ्या सडकेवर दूध होतं. दूधवाला कडेला पडला होता, पाय धरून, आणि त्याची सायकल आमच्या मागच्या चाकाजवळ. बाबा उतरले. "काय झालं? कोण होतं?" ते समोरच्या रिकाम्या सडकेकडे पाहत विचारत होते. तो माणूस त्यांच्या डाव्या हाताला चार पावलांवर कण्हत होता. कण्हणं ऐकून बाबांनी सगळी मान वळवली, आधी जास्त वळवली, मग थोडी परत आणली, जणू अंधारात बॅटरी फिरवून काही शोधत आहेत. भर उन्हात. मी ओरडले, "बाबा, तो काय, तिथं आहे." तोवर मागची निळी गाडी थांबली होती आणि पुढची जीप मागे आली होती. देवरावकाका उडी मारून उतरले, आधी दूधवाल्यापाशी बसले, त्याच्या पायाला हात लावून पाहिला, आणि मग वळून मोहनशेठना म्हणाले, "आवाज नव्हता तं काऊन बसला तू त्याच्यापाशी?"

मोहनशेठ रडत होते. आईने ते वाक्य ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते त्यानंतर तिच्या मरणापर्यंत कधी दिसलं नाही. तिने आपला पदर फाडून दूधवाल्याचा पाय बांधला.

दूधवाल्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. नडगीचं हाड मोडलं होतं. जीव वाचला याबद्दल मी अजून देवाचे आभार मानते. तिथल्या व्हरांड्यात, बाकावर बसून, सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी बाबांनी आमच्याच दारात उभी असलेली जीप डाव्या अंगाने घासली होती. देवरावकाकांनी तेव्हा त्यांना समोर उभं करून बोटं दाखवली, आणि कळलं की बाबांना समोरचं दिसतं, बाजूंचं काहीच दिसत नाही. नळीतून पाहिल्यासारखं. बाबांनी दोघांना शपथ घातली. गाडी सुटली तर आपण संपलो, असं काहीसं ते म्हणाले होते. दोघांनी दोन-तीनदा डोळे दाखवायला सांगितलं, बाबा पाहू म्हणाले, आणि विषय तिथेच राहिला. मग या शहाण्यांनी डोकं लावलं. जिथं बाबांचं पाहणं संपतं तिथून मोहनशेठनी बोलायचं. पुढे जीप, म्हणजे बाबांनी फक्त तिच्या मागे जायचं. मागे निळी गाडी, म्हणजे कुणी बाजूने काढणार नाही. दोन वर्षं तीन माणसांनी मिळून एक गाडी चालवली आणि आम्ही तिच्यात बसून हसत होतो.

व्हरांड्याच्या टोकाला कुंदा उभी होती, तिच्यापाशी जाऊन मी म्हणाले, तुला तरी माहीत होतं का? ती नाई म्हणाली. मग खाली पाहत म्हणाली, "बाबानं फक्त येवढं सांगतलं होतं, शोभाच्या गाडीत नोको बसजो. काऊन ते नाई सांगतलं." मला ते समजायला एक क्षण लागला. मग चिठ्ठ्या का बंद झाल्या ते समजलं.

आईच्याही कानावर ते गेलं. ती उठली आणि देवरावकाकांसमोर जाऊन उभी राहिली. माझी आई तोंडाने फटकळ होती, पण त्या वेळी ती इतक्या हळू बोलली की शेजारच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू गेलं नसेल. "भाऊजी, माही लेकरं त्या गाडीत बसवली, अन् तुमची लेकरं तुमी काढून घेतली. होय का?" देवरावकाकांची मान खाली गेली. त्यांनी तोंड उघडलं, पण उत्तर बाबांनी दिलं.

"देवरावले काऊन विचारते? मीच सांगतलं होतं त्याइले. लोकाची लेकरं माह्या गाडीत नोका बसवू म्हणून."

"अन् आपली?" आई म्हणाली.

बाबा तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसले होते. "तुमी दुसऱ्याच्या गाडीत बसले असते तं तू विचारलं असतं, काऊन म्हणून." मग जणू हे कुणालाही पटेल अशा सुरात ते म्हणाले, "आपले ते आपलेच असते."

हे वाक्य मी जन्मभर डोक्यात घोळवलं आहे. दुष्टपणे बोललेलं नव्हतं ते. बाबा आमच्यावर जीव टाकत. विजूला ताप आला की रात्रभर उशाशी बसत. दुसऱ्याचं लेकरू म्हणजे ठेव, तिला धक्का लागता कामा नये, आणि आपलं लेकरू म्हणजे आपलाच हातपाय, असा तो हिशेब होता. आमच्याकडच्या चांगल्या माणसांचा हिशेब असाच असतो. पाहुण्याला गरम पोळी आणि घरच्याला सकाळची. पण त्या बाकाजवळ उभं राहून मला कळलं की माझा बाप मला मारू शकला असता, आणि त्याला ते ठाऊक होतं, आणि तरी दर रविवारी त्याने मला दार उघडून आत बसवलं होतं. सतरा वर्षांच्या मुलीला हे कळावं का? कळलं ते एका अर्थी बरंच झालं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही.

आईने त्याच दिवशी किल्ल्या घेतल्या. पोलिसांपुढे जबाबात बाबांनी सगळं खरं सांगितलं, कारण आई शेजारी उभी होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, उरलेली थेंबांनी राखता येईल, दोन वर्षं आधी दाखवायला आला असतात तर बरीच राहिली असती, असं म्हणाले, आणि मग माझ्याकडे आणि विजूकडे पाहून म्हणाले की हा आजार घराण्यात उतरतो, या दोघांचे डोळे दरवर्षी तपासत जा. आई ते ऐकून भिंतीला टेकली. त्या मैत्रीने दोन वर्षं झाकून ठेवलेल्या गोष्टीत हेही होतं. दूधवाला उठेपर्यंत त्याच्या रतिबाचं दूध देवरावकाकांनी रोज पहाटे जीपमधून स्वतः घातलं. मोहनशेठ तर बाबांना रोज हात धरून दुकानात नेऊ लागले, अखेरपर्यंत. रविवारी दोघे येतच. आईने वर्षभर त्यांना पोहे दिले नाहीत. ते ओसरीवर बाबांशेजारी बसत, पाणी मागून पीत, आणि उठून जात, पण एक रविवार चुकवला नाही. वर्षाने तिने एकदा काही न बोलता दोन बशा आणून ठेवल्या. त्या दोघांना तिने माफ केलं की नाही हे मी तिला कधी विचारलं नाही. मी केलं नाही. पण गाडी मला देवरावकाकांनीच शिकवली, आणि त्यांच्या अंत्ययात्रेत मी कुंदाइतकीच रडले. दोन्ही खरं आहे, आणि मला आता त्याचा मेळ घालायची गरज वाटत नाही.

मंडळ अजून आहे. आता नव्या गाड्या, नवी माणसं, कुंदाचा मुलगा सगळ्यांना फोनवर निरोप टाकतो. चालवणाऱ्याने वर्षातून एकदा डोळे तपासून आल्याचा कागद दाखवायचा, हा नियम मी घातला आणि तो न पाळणाऱ्या दोघांना घरी पाठवलं. माझा कागद मी दरवर्षी सगळ्यांत आधी दाखवते. कुंदाची नात माझ्याच गाडीत बसायचा हट्ट धरते, सातवीत आहे, आणि बोलण्यात थेट मोहनशेठवर गेली आहे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूची नजर मोजायचं यंत्र दोनदा लावलं. मग म्हणाले, सुरुवात आहे, डाव्या डोळ्याची कड थोडी गेली आहे, थेंब सुरू करा, सध्या गाडी चालवायला हरकत नाही, पण चार महिन्यांनी या. मी बरं म्हणाले. बाहेर आले, रस्त्यावर उभी राहिले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो डोळ्याचा नव्हता. डॉक्टर तर हरकत नाही म्हणालेच आहेत, मग यंदाचा कागद राहू द्यावा, कुंदाला कशाला कळायला हवं, असा तो विचार होता. अगदी सहज आला. मी तिथेच एका ओट्यावर बसले. ज्या बापाला मी अठ्ठेचाळीस वर्षं माफ केलं नाही, तो माझ्या आत इतका आयता बसलेला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एक ऑटोवाला येऊन, मावशी, पाणी पाहिजे का, असं विचारून गेला.

तिथूनच मी कुंदाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, तो पहिला विचारही सांगितला. मला तिच्या घरातला मिक्सर ऐकू येत होता. मग तो बंद झाला.

"शोभे, मंग आता नात माह्या लेकाच्या गाडीत बसंल," ती म्हणाली. "तुले सांगून बसवून राह्यलो. राग येवो का न येवो."

राग आला. मी म्हटलं, बरोबर आहे.

"अन् मी तुह्यापाशी बसतो," कुंदा म्हणाली. "डाव्या अंगानं."